गायक गायब, एकच कान चालू, माइक मुका: हेडफोनची पिन आणि केबल कशी तपासायची

‘हेडफोन गेला’ म्हणून लोक जे हेडफोन आणून दाखवतात, त्यातले बरेचसे धडधाकट असतात. बिघाड जोडणीत असतो. पिन पूर्ण आत गेलेली नसते, सॉकेट वेगळ्या जातीचं असतं, नाहीतर मधला कन्व्हर्टर चुकीचा असतो. मग नवा हेडफोन येतो आणि थोड्याच दिवसांत तीच कटकट पुन्हा सुरू होते, कारण फोन, लॅपटॉप आणि तो कन्व्हर्टर तेच असतात.

म्हणून बाजारात जाण्याआधी नेमकं काय ऐकू येत नाही ते ओळखा. सगळाच आवाज बंद आहे, एका कानाचा बंद आहे, फक्त गायकाचा गेलाय, की तुम्हाला सगळं ऐकू येतंय पण समोरच्याला तुम्ही ऐकू जात नाही? चारही तक्रारींची मुळं वेगळी आहेत. आणि एक साधी अदलाबदल आधी करून टाका: हाच हेडफोन दुसऱ्या फोनला लावा, आणि दुसरा हेडफोन या फोनला. दोष हेडफोनमागे जातोय की फोनपाशीच राहतोय, ते लगेच कळतं. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या ठीक चालतात आणि हीच जोडी चालत नाही, असं निघालं तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आधी पिन बघा

पिनेवर काळे पट्टे असतात, ते मोजा. कधी पांढरे किंवा हिरवेही असतात. एक पट्टा असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ, तीन असतील तर स्टिरिओ आणि माइक. दुकानात यांनाच टीएस, टीआरएस आणि टीआरआरएस म्हणतात. टोकावर डावा कान, त्याच्या मागच्या कड्यावर उजवा. त्यामागे एक परतीची वायर असते, ती ग्राउंड. माइक असेल तर त्याचं एक कडं वेगळं.

जाडी बहुधा तीन प्रकारची भेटते. मोबाइल-लॅपटॉपची ३.५ मिमी, कीबोर्ड-मिक्सर-ॲम्प्लिफायरची जाड ६.३५ मिमी, आणि काही हेडफोनच्या कपात जाणारी बारीक २.५ मिमी. जाड पिन मूळची टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डवरची, एकोणिसाव्या शतकातली. बाकीच्या तिच्याच लहान आवृत्त्या.

गायक गायब

ही सगळ्यात चमत्कारिक तक्रार, आणि सगळ्यात जास्त चुकीचं निदानही हिचंच होतं. गाण्यातली व्हायोलिनं ऐकू येतात, कोरस येतो, घुमारा येतो, पण मुख्य आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ॲप बदलून बघतात, फोन रिसेट मारतात, इक्वलायझर खालीवर करतात. काही फरक पडत नाही.

दोन्ही कानांच्या स्पीकरांची परतीची वायर सामाईक असते. हे ग्राउंड सुटलं की करंटला परत जायला वाट राहत नाही. मग तो डाव्या स्पीकरातून निघून उजव्यातून परततो, आणि दोन्ही कानांत डाव्या-उजव्या चॅनेलमधला फरक तेवढा वाजतो. मिक्सिंग करताना गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे दोन्ही चॅनेलांत सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं शून्य. बाजूला पसरलेली वाद्यं आणि एको मात्र शिल्लक राहतात.

याची पडताळणी सोपी आहे. एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, आकाशवाणीच्या जमान्यातलं भावगीत चालेल. मोनोत दोन्ही चॅनेल सारखेच, त्यामुळे ग्राउंड सुटलेल्या हेडफोनमध्ये ते जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘नवीन गाणी वाजतात, जुनी वाजत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर गाण्याच्या फाइली तपासत बसू नका, पिन तपासा.

ग्राउंड का सुटतं? सगळ्यात साधं कारण म्हणजे फोनचं जाड कव्हर. पिनेची प्लॅस्टिकची मान कव्हरच्या भोकावर अडते आणि पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. कव्हर काढा, पिन पुन्हा घाला, ‘टक्’ असं लागलं पाहिजे. तसं लागत नसेल तर सॉकेटात टॉर्च मारून बघा. खिशातला कापसाचा भुगा वर्षानुवर्षं पिनेने आत ठासला जातो आणि तळाशी त्याचा बोळा होतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने उकरून काढा. सेफ्टी पिन, टाचणी, सुई असलं धातूचं काही आत घालू नका, आतली पत्री वाकली तर सॉकेटच बदलावं लागतं.

दुसरं कारण पिनेच्या जातीचं. तीन पट्ट्यांच्या पिनेत शेवटच्या दोन कड्यांचा क्रम दोन पद्धतींनी लावलेला सापडतो. सीटीआयए पद्धतीत टोकाकडून डावा, उजवा, ग्राउंड, माइक. ओएमटीपी पद्धतीत डावा, उजवा, माइक, ग्राउंड. आजचे जवळपास सगळे फोन आणि लॅपटॉप सीटीआयए आहेत; ओएमटीपी जुन्या नोकियासारख्या फोनांबरोबर आलेल्या इअरफोनांत आणि काही स्वस्त मालात अजून भेटतं. दोघांची गाठ पडली की फोनचं ग्राउंड हेडफोनच्या माइकच्या वायरीवर जाऊन बसतं. आता वायरीवरचं कॉल उचलायचं बटण दाबून धरा. बटण धरलेलं असेपर्यंत गायक परत आला आणि सोडताच गेला, तर निदान पक्कं: ते बटण दाबलं की आतमध्ये माइक आणि ग्राउंड एकमेकांना जोडले जातात, म्हणून तेवढ्यापुरतं ग्राउंड मिळतं. यावर बोटभर लांबीचा ओएमटीपी-सीटीआयए कन्व्हर्टर मिळतो, हेडफोन टाकून द्यायची गरज नाही.

तिसरं, माइकवाल्या इअरफोनची पिन जुन्या होम थिएटरच्या किंवा मिक्सरच्या सॉकेटात घातली तर. त्या सॉकेटाला चौथं कडं माहीतच नाही. त्यातली ग्राउंडची पत्री काही वेळा नेमकी माइकच्या कड्यावर टेकते आणि पुन्हा तेच होतं. पिन किंचित बाहेर ओढली की आवाज सुधारतो, म्हणून लोक चिकटपट्टी लावून ती तशीच ठेवतात. त्यापेक्षा हेडसेटचा स्प्लिटर घ्या आणि त्याची फक्त हेडफोनची शेपटी सॉकेटात घाला.

हीच गंमत हेडफोन नसतानाही होते, आणि तेव्हा अख्ख्या सभागृहासमोर होते. सोसायटीच्या गणेशोत्सवात नाचाचा ट्रॅक मोबाइलवरून लावायचा असतो. कुणीतरी एका टोकाला ३.५ मिमी आणि दुसऱ्या टोकाला एकच माइकची तीन काट्यांची एक्सएलआर पिन असलेली केबल आणतो आणि मिक्सरच्या माइक इनपुटला लावतो. ते इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे दोन वायरींतला फरक घेणं हेच त्याचं काम. डावा-उजवा चॅनेल वजा होतो, गायक नाहीसा होतो, आणि साउंडवाल्याला शिव्या बसतात. इथे हवी असते एका बाजूला स्टिरिओ ३.५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो ६.३५ मिमी पिना असलेली केबल, दोन चॅनेलांच्या लाइन इनपुटला लावायला.

एकच कान वाजतो

पेचकस हातात घेण्याआधी सेटिंग बघा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ॲक्सेसिबिलिटीमध्ये डावा-उजवा बॅलन्स कमी-जास्त करायची पट्टी असते. घरातल्या पोराच्या बोटाने ती एका टोकाला गेलेली असू शकते. तिथेच ‘मोनो ऑडिओ’ असतं. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाने ते मुद्दाम चालू ठेवावं, नाहीतर गाण्यातली अर्धी वाद्यं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

सेटिंग ठीक असेल तर सॉकेट मोनो आहे का बघा. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचं इअरफोनचं सॉकेट मोनो असतं. त्यात स्टिरिओ पिन घातली की उजव्या कानाचं कडं थेट ग्राउंडला टेकतं आणि उजवा कान बंद. गिटार-कीबोर्डच्या काही लाइन आउटचंही तेच. मोनो पिन आणि स्टिरिओ सॉकेट असा कन्व्हर्टर मागा. त्यात डावा-उजवा आतून जोडलेला असतो, मग दोन्ही कानांत तोच आवाज येतो. उलट, हेडफोनच्या स्टिरिओ सॉकेटात मोनो पिन ठोकू नका, ॲम्प्लिफायरचा एक चॅनेल शॉर्ट होतो.

घरी ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) लावून गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांना स्वतःचा आवाज डाव्याच कानात येतो, तेव्हा हेडफोनला दोष देऊ नका. पहिल्या इनपुटचा माइक डावीकडे पाठवला जातोय. डायरेक्ट मॉनिटर मोनो करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक मोनो घ्या.

हे काहीच नसेल आणि पिनेपाशी वायर मुरगाळली की आवाज येतो-जातो, तर वायर आतून तुटली आहे. त्याचं शेवटी बघू.

समोरच्याला ऐकू जात नाही

डेस्कटॉपच्या मागे हिरवं सॉकेट आवाजाचं आणि गुलाबी माइकचं. मोबाइलचा इअरफोन हिरव्यात घातला तर ऐकू येईल, माइक चालणार नाही. चालायचं कारणच नाही. यासाठी वाय आकाराचा स्प्लिटर लागतो, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नुसतं ‘स्प्लिटर द्या’ म्हणालात तर दोनपैकी कुठलाही हातात पडेल. एक असतो दोघांनी एका फोनवर ऐकायचा: एक पिन, दोन सॉकेटं. दुसरा हेडसेटचा: एक सॉकेट, दोन पिना, आणि पिनांवर हेडफोन-माइकची चित्रं. तुम्हाला हा दुसरा हवा. लॅपटॉपला एकच सॉकेट असेल आणि त्याच्याशेजारी माइकसह हेडफोनचं चित्र असेल तर काहीच लागत नाही, पिन सरळ घाला. विंडोजने ‘काय जोडलं?’ असं विचारलं तर हेडसेट निवडा. घाईघाईत हेडफोन निवडलं की माइक लॅपटॉपचाच राहतो.

ब्लूटूथ हेडफोनबरोबर खोक्यात येणारी वायर बऱ्याचदा दोनच पट्ट्यांची असते. ती लावून मीटिंगला बसलात तर हेडफोनचा माइक चालणार नाही. पट्टे मोजा.

टाइप-सीचा डोंगल

आयफोन ७ मधून २०१६ साली ३.५ मिमीचं सॉकेट गेलं, मग अँड्रॉइडवाल्यांनीही हळूहळू ते काढलं, आणि तेव्हापासून हा नवा छळ सुरू झाला. टाइप-सी ते ३.५ मिमी डोंगल, म्हणजे छोटे कन्व्हर्टर, दिसायला सगळे सारखे, पण आतून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात नुसत्या वायरी असतात: फोनने स्वतःच ॲनालॉग आवाज टाइप-सीवर सोडावा अशी अपेक्षा. दुसऱ्यात डॅक नावाची चिप असते, जी फोनकडून डिजिटल डेटा घेऊन त्याचा आवाज करते. कित्येक फोन ॲनालॉग आवाज सोडतच नाहीत. त्यांना पहिल्या जातीचा डोंगल लावला तर फोन ढिम्म, फार तर ‘ॲक्सेसरी चालत नाही’ असा निरोप. म्हणून मित्राच्या फोनवर चालणारा डोंगल तुमच्यावर चालेलच असं नाही. खरेदी करताना खोक्यावर डॅक लिहिलंय का बघा. चिपवाला थोडा महाग पडतो, तरी तोच घ्या. वायरवाल्यात वाचवलेले पैसे दुसरा डोंगल घेण्यातच जातात. शक्य असेल तर दुकानात स्वतःच्या फोनला लावून गाणं वाजवा.

डॅकवालाही बंद? ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो यांच्या बऱ्याच फोनांत ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून हाताने चालू करावं लागतं, आणि वापर नसेल तर काही मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. ‘काल चालत होता, आज नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. कुणी डेव्हलपर ऑप्शन्स उघडून खेळलं असेल तर त्यात यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारं एक बटण आहे, ते ऑफ असल्याची खात्री करा. ॲपलचा टाइप-सी डोंगल स्वस्त आणि चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज बारीक येतो, हे घेण्याआधी लक्षात ठेवा.

यूएसबीने जोडायचा डॅक किंवा इंटरफेस कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर केबल बदला. पॉवर बँक, ट्रिमर यांच्याबरोबर आलेल्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या वायरी असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो, आवाज नाही.

टीव्ही

रात्री घरच्यांची झोपमोड न करता मॅच बघायची असते. टीव्हीमागे ३.५ मिमीचं सॉकेट दिसतं, पण त्यावर ‘एव्ही इन’ लिहिलेलं असतं; ते आवाज आत घेणारं आहे, बाहेर देणारं नाही. हेडफोनचं चित्र नसेल तर ऑप्टिकल सॉकेट (उजेडातून डिजिटल आवाज बाहेर देणारं) शोधा आणि ऑप्टिकल ते ॲनालॉग कन्व्हर्टर घ्या, शक्यतो ३.५ मिमी सॉकेट आणि आवाजाची फिरकी असलेला, कारण ऑप्टिकलचा आवाज बहुतेक रिमोटने कमी-जास्त होत नाही. ऑप्टिकल केबलच्या टोकांवर बारीक पारदर्शक टोपणं असतात, ती काढल्याशिवाय केबल बसत नाही. टीव्ही चालू असताना मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की सिग्नल येतोय.

उजेड आहे, पण एका ॲपवर आवाज येतो आणि दुसऱ्यावर नुसती खरखर किंवा शांतता? टीव्ही डॉल्बी पाठवतोय आणि साध्या कन्व्हर्टरला ते उलगडता येत नाही. साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर ठेवा.

सगळं ठीक, पण आवाज बारीक

हेडफोनच्या इम्पीडन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा बघा. मोबाइलच्या इअरफोनांत १६ ते ३२ ओहम नेहमीचे. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स ३८ ओहमचा, तो कुठेही वाजतो. सेनहायझर एचडी ६०० आणि ६५० ३०० ओहमचे, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोची नेहमीची आवृत्ती २५० ओहमची. असले हेडफोन साध्या फोनवर पुळचट वाजतात; त्यांना हेडफोन ॲम्प्लिफायर किंवा दमदार डॅक हवा. जाड केबल, सोन्याचा मुलामा, ‘ऑक्सिजन-फ्री’ तांबं यांनी आवाज वाढत नाही. मीटर-दोन मीटरच्या वायरीत त्यासाठी हजारो रुपये मोजणं मला पटत नाही. मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

सुटी होणारी केबल बदलताना मात्र मॉडेल बघूनच घ्या. एम५०एक्सला फिरवून लॉक होणारी २.५ मिमी पिन लागते. एकेजी के२४० ला तीन काट्यांचा मिनी एक्सएलआर लागतो, आणि एचडी ६०० ला दोन्ही कपांत वेगळी दोन काट्यांची पिन. नुसता आकार जुळणारी जाड मानेची पिन कपाच्या खोबणीत जातच नाही. आणि ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड आउटपुटला (यात दोन्ही कानांच्या परतीच्या वायरी वेगळ्या असतात) कन्व्हर्टर लावून साधा ३.५ मिमी हेडफोन जोडू नका. त्याने ॲम्प्लिफायरचे दोन आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात. उलटी जोडणी, म्हणजे ४.४ मिमीचा हेडफोन ३.५ मिमीच्या सॉकेटात, चालते.

६.३५ मिमीचा कन्व्हर्टर घ्यायचा तर चार बोटं वायर असलेला घ्या. ठोकळा कन्व्हर्टर आणि त्यात लटकणारी पिन मिळून तरफ होते, आणि कोणाचा पाय वायरीत अडकला की कीबोर्डचं सॉकेट बोर्डवरून उखडतं.

दोघं ऐकणार, की दोन ठिकाणांहून ऐकणार?

एका फोनवर दोघांनी ऐकायला एक पिन-दोन सॉकेटांचा स्प्लिटर ठीक आहे. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला तर त्यासाठी दोन सॉकेटंच दिली होती. दोन्ही हेडफोन वेगळ्या जातीचे असतील तर एकाला आवाज मोठा आणि दुसऱ्याला बारीक येईल, एवढंच.

तोच स्प्लिटर उलटा वापरू नका. परदेशी राहून ऑनलाइन गाणं शिकणारे हमखास हे करतात: लॅपटॉपवर गुरुजी, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप, आणि दोन्हींच्या शेपट्या एकत्र बांधून एक हेडफोन. दोन आउटपुट एकमेकांच्या अंगावर जातात, दोन्हींचा आवाज पडतो, आणि उपकरणाला ते बरं नाही. दोन-चार चॅनेलचा छोटा मिक्सर घ्या, तानपुरा आणि गुरुजींच्या फिरक्या वेगळ्या मिळतात, हेडफोन मिक्सरला. त्यात घर्रर्र असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढा. थांबला, तर ती अर्थिंगची गडबड आहे. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून गाण्याचा वर्ग करा किंवा मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही घरघर अडवणारी डबी, लावा.

वायर तुटलीच असेल तर

तुटते बहुतेक दोन जागी: पिनेच्या मानेत, नाहीतर दोन कानांना वायर फुटते तिथे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, वायर हलवत एकेक कडं तपासा. मानेत तुटली असेल तर तिथून दोन बोटं वर कापा आणि नवी पिन सोल्डर करा. आतल्या केसासारख्या रंगीत तारांवर लाखेचा थर असतो, त्यावर सोल्डर धरत नाही. गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर भरपूर सोल्डर घेऊन तार त्यात बुडवून ठेवली की थर जळतो आणि टोक चकचकीत होतं. लाल बहुतेक उजवा, हिरवी किंवा निळी डावा, तांब्याच्या रंगाची किंवा सोनेरी ग्राउंड. पण कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून पक्की जोडण्याआधी मीटरने बघा. ओहमवर ठेवून ग्राउंड आणि एका तारेला टेकवलं की त्या कानात बारीकशी ‘खर्र’ येते, कुठला कान ते लगेच कळतं. आणि पिनेचं झाकण सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून ठेवा.